रोजकीर्द, खतावणी आणि फलक : पैसा व तब्येत एकाच तक्त्यात कशी पाहावी

जुन्या पेढ्यांवरचे दिवाणजी आधी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, लिहीत, कीर्दीतल्या नोंदी खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, चढवीत आणि सगळ्यात शेवटी मालकापुढे ताळेबंद ठेवीत. आज आपण ज्याला डॅशबोर्ड किंवा फलक म्हणतो तो या ताळेबंदाचाच धाकटा भाऊ आहे, पण त्याच्या वाटेला जाणारे लोक बहुधा काम उलट्या टोकाने सुरू करतात. आधी रंगीत वर्तुळे आणि आलेख मांडले जातात, मग त्यांत भरायला आकडे शोधले जातात, आणि पंधरवड्यात सगळे थंडावते. पुढे सांगितलेली पद्धत कीर्द, खतावणी आणि फलक याच क्रमाने जाते. त्यासाठी एक मोबाइल, एक गूगल शीट, वजनकाटा आणि शिंप्याकडे असते तशी साधी मापपट्टी एवढेच साहित्य पुरते.

तयार अ‍ॅप असताना शीट कशाला, असा प्रश्न येणे साहजिक आहे. अमेरिकेत वर्षानुवर्षे लाखो लोकांनी खर्चाचा हिशेब ठेवण्यासाठी वापरलेली ‘मिंट’ ही सेवा मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि वापरकर्त्यांना आपापले जुने हिशेब उतरवून घेण्याची धावपळ करावी लागली. स्वतःची शीट सीएसव्ही, म्हणजे कुठल्याही तक्त्यात उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या, स्वरूपात कधीही उतरवून दुसरीकडे नेता येते, आणि मुख्य म्हणजे तिच्यात कोणता आकडा कुठून आला हे तक्त्यातल्या शेवटच्या घरापर्यंत (सेलपर्यंत) तपासता येते. अ‍ॅप वाईट आहेत असे नाही. पण ज्या हिशेबाचे गणित आपल्याला दिसत नाही त्यावर महिनाअखेरीस घरात वाद झाला, तर बाजू मांडता येत नाही.

आधी प्रश्न, मग आकडे

शीट उघडण्यापूर्वी कागदावर चार-पाच प्रश्न लिहावेत. माझे प्रश्न असे आहेत: या महिन्याच्या उरलेल्या दिवसांत रोज किती खर्च करायला मोकळीक आहे? पगार उद्या थांबला तर घर किती महिने चालेल? या आठवड्यात दम लागेल अशी हालचाल किती मिनिटे झाली? कंबर वाढते आहे की उतरते आहे? प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावावी: उत्तराचा आकडा बदलला तर माझ्या हातून काय वेगळे होणार आहे? या कसोटीवर म्युच्युअल फंडाचे रोजचे मूल्य माझ्या फलकावरून गेले, कारण ते पाहून मी काहीच करत नव्हतो, नुसता अस्वस्थ होत होतो. घड्याळाने दिलेला झोपेचा गुणही त्याच वाटेने गेला.

रोजकीर्द

नव्या शीटचे पहिले पान ‘कीर्द’ या नावाचे असावे आणि त्यात पाच स्तंभ असावेत: तारीख, रक्कम, खाते, कशातून दिले, शेरा. एक व्यवहार म्हणजे एक ओळ, हा नियम मोडू नये. मध्येच महिन्याची बेरीज लिहिणे, ओळी रिकाम्या सोडणे, शोभेसाठी घरे एकत्र करणे या वहीतल्या सवयी इथे नडतात, कारण पुढची सगळी सूत्रे हे स्तंभ वरपासून खालपर्यंत सलग वाचतात.

सर्वांत आधी फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन लोकॅल, म्हणजे तारीख-आकडे कोणत्या देशाच्या रीतीने वाचायचे ते, ‘इंडिया’ निवडावे. ही बाब क्षुल्लक वाटते, म्हणूनच सांगतो. माझ्या पहिल्या शीटचे लोकॅल अमेरिकेचे राहिले होते. तिथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे ३ एप्रिलला भरलेले वीजबिल शीटने निमूटपणे ४ मार्चला टाकले, आणि ज्या तारखांत दिवस १३ किंवा त्याहून मोठा होता त्यांना शीटने तारीख न मानता नुसता मजकूर मानून बेरजेतून वगळले. सहा आठवडे मी स्वतःला काटकसरी समजत होतो.

‘खाते’ या स्तंभात मोकळेपणाने टाइप करू देऊ नये. इन्सर्ट मेनूतून ड्रॉपडाउन घालून ठरावीक नावेच निवडता येतील अशी सोय करावी, कारण ‘भाजी’, ‘भाज्या’ आणि शेवटी एक मोकळी जागा सुटलेली ‘भाजी’ ही माणसाला एकच वाटली तरी शीटच्या लेखी तीन वेगळी खाती असतात. खाती दहा-बाराच्या वर नेऊ नयेत. किराणा व दूध, भाजी-फळे, घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, वीज-गॅस-सोसायटी, घरकामाच्या मदतनीस, प्रवास, बाहेरचे खाणे, औषधोपचार, शिक्षण, वार्षिक खर्च आणि किरकोळ एवढ्यांत साधारण मध्यमवर्गीय घर बसते. नवे खाते काढण्याची हुक्की आली, तर ते आधी तीन महिने शेऱ्यात लिहावे; नोंदी खरेच साचल्या तर मग त्याला स्वतंत्र घर द्यावे.

रोजच्या नोंदीसाठी शीट उघडणे जिवावर येते. त्यापेक्षा या पाच स्तंभांचा एक गूगल फॉर्म तयार करून तो शीटला जोडावा आणि त्याचा दुवा मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर ठेवावा. भाजीवाल्याला पैसे देऊन पिशवी उचलेपर्यंत नोंद होते. फॉर्म भरल्याची वेळ शीटच्या पहिल्या स्तंभात आपोआप येते, पण ती नोंद करण्याची वेळ असते, खर्चाची नव्हे; म्हणून फॉर्ममध्ये तारखेचा प्रश्न वेगळा ठेवावा, नाहीतर रविवारी आठवून लिहिलेला आठवड्याचा सगळा खर्च रविवारच्याच अंगावर पडतो.

दुबार नोंदीचे सापळे

घरगुती हिशेब चुकतात ते बेरजेत नव्हे, तर एकच पैसा दोनदा मोजल्यामुळे. क्रेडिट कार्डाने घेतलेली वस्तू ज्या दिवशी घेतली त्या दिवशी खर्च म्हणून लिहिली, आणि पुढच्या महिन्यात कार्डाचे बिल भरले तेही खर्चात धरले, तर तो मिक्सर आपण दोनदा विकत घेतलेला असतो. दोन्हींपैकी एकच पद्धत धरावी. मला खरेदीच्या दिवशी लिहिणे बरे वाटते, आणि बिल भरल्याची नोंद ‘बदली’ या वेगळ्या खात्यात जाते. बदली म्हणजे आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पाठवलेली रक्कम, एटीएममधून काढलेली रोकड, आवर्ती ठेव आणि एसआयपीचा हप्ता ही सगळी बदलीच आहे आणि खर्चाच्या बेरजेत तिला स्थान नाही.

यूपीआय लाइट वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लहान रकमांसाठी असलेल्या या सोयीत आधी थोडे पैसे लाइटमध्ये भरावे लागतात, आणि बँकेच्या उताऱ्यावर फक्त ती भरलेली रक्कम दिसते. त्यातून दिलेला चहा, रिक्षा, कोथिंबिरीची जुडी यांच्या स्वतंत्र ओळी उताऱ्यावर येत नाहीत. महिनाअखेरीस उतारा उतरवून शीटमध्ये चिकटवणे हीच ज्यांची पद्धत आहे, त्यांचा किरकोळ खर्च इथेच हरवतो. उपाय सोपा आहे: लाइटमध्ये भरलेले पैसे बदलीत टाकावेत आणि अ‍ॅपच्या इतिहासातून दिवसाची एक बेरीज ‘किरकोळ’मध्ये लिहावी. प्रत्येक चहाची ओळ लिहिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि भेटला तर त्याच्याशी मैत्री करायला जरा बिचकेन.

महिन्यातून एकदा मेळ घालावा. महिन्याच्या सुरुवातीची सगळ्या बँक खात्यांतली आणि पाकिटातली शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च, वजा ठेवी व गुंतवणुकीत गेलेला पैसा, हे प्रत्यक्ष शिल्लकेशी जुळले पाहिजे; ज्यांची कार्डावरची खरेदी मोठी असते त्यांनी कार्डाची थकबाकी सुरुवातीच्या आणि शेवटच्या अशा दोन्ही शिलकांतून वजा धरावी. शे-दोनशेचा फरक ‘किरकोळ’मध्ये टाकून मोकळे व्हावे. दोन-तीन हजारांचा फरक मात्र शोधावाच. बहुतेक वेळा तो एखाद्या परत आलेल्या रकमेचा किंवा दोनदा नोंदल्या गेलेल्या बदलीचा निघतो.

खतावणी

दुसऱ्या पानावर उभ्या स्तंभात खाती आणि आडव्या ओळीत महिने मांडावेत. महिन्याच्या जागी ‘जून’ असा शब्द न लिहिता महिन्याची पहिली तारीख लिहावी आणि फॉरमॅट बदलून ती ‘जून’ दिसेल असे करावे, कारण तारीख असेल तरच तिच्यावर गणित करता येते. प्रत्येक घरात अटींनुसार बेरीज करणारे सम-इफ्स (SUMIFS) हे सूत्र बसते, ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करावे. त्यात पहिल्यांदा रकमेचा स्तंभ द्यावा, मग खात्याचा स्तंभ आणि डावीकडचे खात्याचे नाव, मग तारखेचा स्तंभ दोनदा: एकदा महिन्याच्या पहिल्या तारखेपासून पुढे ही अट, आणि दुसऱ्यांदा पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आत ही अट. मोठे-लहानचे चिन्ह दुहेरी अवतरणात लिहून त्याला अँपरसँडने (&) घराचा पत्ता जोडावा लागतो. बहुतेकांचे सूत्र इथे अडते. शिवाय स्तंभांच्या आणि घरांच्या पत्त्यांत डॉलरचे चिन्ह योग्य जागी घातले नाही, तर सूत्र उजवीकडे ओढताना संदर्भ सरकतात. सूत्राचा कंटाळा असेल त्यांनी इन्सर्ट मेनूतला पिव्हट टेबल, म्हणजे खातेवार बेरजा आपोआप मांडणारा तक्ता, वापरावा, उत्तर तेच येते.

वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांकडे इथे वेगळे पाहावे. विम्याचा हप्ता, शाळेची फी, गणपती आणि दिवाळी, गाडीची सर्व्हिसिंग यांची वर्षाची बेरीज समजा ७२,००० रुपये होत असेल, तर दरमहा ६,००० रुपये बाजूच्या खात्यात टाकावेत आणि प्रत्यक्ष खर्च ‘वार्षिक’ या खात्यात नोंदवावा. हे केले नाही तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा आलेख दरवर्षी आभाळाला टेकतो, आणि घरात दरवर्षी तीच चर्चा नव्याने होते.

शरीराची कीर्द

तिसरे पान शरीराचे. यात दिवसाला एक ओळ आणि स्तंभ मोजकेच: पावले, दम लागेल अशा हालचालीची मिनिटे, ताकदीचा व्यायाम केला की नाही, आणि वजन. कंबरेचे माप महिन्यातून दोनदा पुरे.

पावलांच्या बाबतीत पहिला निर्णय असा की मोजणारे साधन एकच धरावे. खिशातला फोन आणि मनगटावरचे घड्याळ दोन्ही मोजत असतात, आणि दोन्हींची बेरीज झाली तर माणूस घरबसल्या पंढरपूरला पोचतो. अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट ही सोय चौदाव्या आवृत्तीपासून फोनमध्येच अंतर्भूत आहे आणि आयफोनवर हेल्थ हे अ‍ॅप आहे. दोन्ही ठिकाणी कोणत्या स्रोताला प्राधान्य द्यायचे ते ठरवता येते. मनगटावरचे यंत्र हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधते, त्यामुळे पोळ्या लाटताना काही पावले फुकट मिळू शकतात आणि सामानाची ट्रॉली ढकलताना खरी पावले बुडू शकतात. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर न जाता आठवड्याची सरासरी पाहावी.

रोज १०,००० पावलांचे लक्ष्य अनेकांना वैद्यकशास्त्राचा नियम वाटते. प्रत्यक्षात ते १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, या यंत्राच्या नावातून रूढ झाले. फलकावर लक्ष्यरेषा काढायचीच असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस जास्त भक्कम आहे: प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे आणि किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत वेग म्हणजे मध्यम श्रम.

‘जळालेल्या कॅलरी’ हा स्तंभ माझ्या शीटमध्ये नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० स्वयंसेवकांवर सात मनगटी यंत्रे तपासली. सातांपैकी सहा यंत्रांनी हृदयाचे ठोके ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले, पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत बऱ्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के होती. यंत्रे तेव्हापासून सुधारली असतील, तरी या आकड्याच्या भरवशावर संध्याकाळी जिलेबी खाणे धाडसाचेच आहे.

वजन सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर आणि काही खाण्यापिण्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि त्याच टणक फरशीवर करावे. खारट जेवण, कमी-जास्त पाणी, मासिक पाळी यांमुळे वजन एका दिवसात किलोभर हलू शकते, म्हणून फलकावर रोजचे वजन अजिबात दाखवू नये. मागच्या सात दिवसांची सरासरी रोज काढत जावी आणि तिचीच रेघ ओढावी. पोटाच्या चरबीबद्दल कंबरेची पट्टी काट्यापेक्षा जास्त खरे बोलते. भारतीयांसाठी वापरल्या जाणाऱ्या निकषांनुसार पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची मर्यादा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब नोंदवायचा असल्यास पाच मिनिटे शांत बसून, पाय जमिनीला टेकवून आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावा आणि दोन्ही आकडे लिहावेत. त्यांचा अर्थ डॉक्टरांनी लावावा, फलकाने नव्हे.

फलक

चौथे पान म्हणजे फलक, आणि ते मोबाइलच्या एका पडद्यात मावले पाहिजे. वर मोठ्या अक्षरांत चार आकडे, खाली दोन रेघा, बस्स.

पहिला आकडा ‘रोजची मोकळीक’. बदलत्या खर्चांसाठी महिन्याची जी मर्यादा ठरवली असेल तिच्यातून आजवरचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या दिवसांनी भागावे. मर्यादा ३०,००० रुपये आहे, १८ जूनच्या सकाळपर्यंत २०,९०० रुपये खर्च झाले आहेत, तर उरलेल्या १३ दिवसांसाठी रोज ७०० रुपये. महिनाअखेरीस कळणाऱ्या एकूण खर्चापेक्षा हा आकडा किती तरी उपयोगी आहे, कारण त्याच्या आधारे आज संध्याकाळी हॉटेलात जायचे की घरी खिचडी टाकायची हे ठरवता येते. दुसरा आकडा ‘किती महिने चालेल’: लगेच हाती येऊ शकणारी बचत भागिले गेल्या सहा महिन्यांतल्या आवश्यक खर्चाची सरासरी. तिसरा, चालू आठवड्याची मिनिटे. चौथा, कंबर.

दोन रेघांपैकी एक वजनाच्या सात दिवसांच्या सरासरीची, दुसरी साप्ताहिक बदलत्या खर्चाची. स्पार्कलाइन हे सूत्र एकाच घरात छोटी रेघ काढून देते, मोठा आलेख लागत नाही. वर्तुळाकार आलेख टाळावा. बारा खात्यांच्या बारा फोडी पाहून कोणालाही काही कळत नाही. रंगही दोनच ठेवावेत. फॉरमॅट मेनूतल्या कंडिशनल फॉरमॅटिंगमधून रोजची मोकळीक ठरावीक रकमेखाली गेली की घर तांबडे होईल अशी अट घालावी, आणि बाकी सगळे काळ्या अक्षरांत राहू द्यावे.

पैसा आणि तब्येत एकाच फलकावर ठेवण्याचा फायदा मला उशिरा कळला. डोंबिवलीत आमचे घर स्टेशनपासून सुमारे दीड किलोमीटरवर आहे, आणि जाता-येता शेअर रिक्षाचे ३० रुपये ‘प्रवास’मध्ये इतके रोजचे होते की तिकडे कधी लक्ष गेले नव्हते. प्रवासाची आणि पावलांची रेघ काही दिवस एकाखाली एक ठेवून पाहिली, तेव्हा रिक्षाचा खर्च वाढलेल्या प्रत्येक आठवड्यात पावले खाली गेलेली दिसली. सकाळी ८:१४ ची गाडी गाठायची असते, तेव्हा चालणे शक्य नाही. संध्याकाळी मात्र घाई नसते. आठवड्याचे पाच दिवस संध्याकाळची २० मिनिटे झपझप चालणे म्हणजे १५० पैकी १०० मिनिटे तिथेच झाली, आणि महिन्याचे तीनशे-सव्वातीनशे रुपये वाचले. रक्कम मोठी नाही. पण वेगळा व्यायामाचा वेळ काढावा लागला नाही, हे मोठे होते. जिमच्या वार्षिक शुल्कालाही हेच गणित लावता येते: १२,००० रुपये भरून वर्षात ४० वेळा गेलात तर एक फेरी ३०० रुपयांना पडली. तो आकडा फलकावर ठेवून पाहावा, तो आपल्यापरीने जिमकडे पिटाळतो किंवा जिम सोडवतो.

अशा जोड्या लावताना घाईने कार्यकारण ठरवू नये. जुलैत पावले कमी आणि रिक्षा जास्त होण्यामागे आळस नसून पाऊस असतो. दोन रेघा सोबत चालताना दिसल्या तर किमान आठ-दहा आठवडे थांबून, मग काय बदलायचे ते ठरवावे.

कोणाला काय दिसावे

या शीटमध्ये पगार आणि आजार दोन्ही आहेत, म्हणून ती ज्या गूगल खात्यात आहे तिथे द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. शेअर करताना ‘दुवा असलेला कोणीही’ हा पर्याय कधीही निवडू नये, ज्याला द्यायची त्याचाच ईमेल लिहावा. बँक खात्याचा पूर्ण क्रमांक, पिन, आधार क्रमांक यांना शीटमध्ये जागा नसावी. बँकेचे टोपणनाव पुरते. एसएमएस वाचून आपोआप खर्च नोंदवणाऱ्या अ‍ॅपला परवानगी दिली तर त्याला ओटीपीसुद्धा वाचता येतात, हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा. बँकेची माहिती एखाद्या सेवेला द्यायचीच असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटरचा, म्हणजे आपल्या संमतीने माहिती पोचवणाऱ्या मध्यस्थाचा, मार्ग बरा. तिथे कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ, हे संमतीपत्रात दिसते आणि संमती नंतर मागे घेता येते. नवरा-बायकोने मिळून शीट वापरायची असल्यास खर्चाचे पान सामाईक ठेवावे आणि वजनाची पाने ज्याची त्याने वेगळ्या फाइलमध्ये ठेवावीत. आमच्याकडे ही वाटणी दुसऱ्याच आठवड्यात झाली.

रविवारी सकाळी चहासोबत पंधरा मिनिटे पुरतात: राहिलेल्या नोंदी भराव्यात, ‘किरकोळ’ फार फुगले आहे का ते पाहावे, चार आकडे वाचावेत आणि येत्या आठवड्यासाठी एकच बदल शेऱ्यात लिहावा. एखादा आठवडा नोंदीविना गेला तर मागचे आठवून भरत बसू नये. उताऱ्यावरून एकूण फरक काढून एकाच ओळीत ‘न नोंदवलेले’ असे लिहावे आणि सोमवारपासून पुढे चालू करावे.

३१ मार्चला शीटची एक प्रत ‘२०२५-२६’ अशा वर्षाच्या नावाने जपून ठेवावी, एक सीएसव्ही संगणकावर उतरवावी, आणि मूळ शीटमधली कीर्द रिकामी करून १ एप्रिलच्या पहिल्या ओळीत ‘मागील बाकी’ लिहावी. त्या आधी फलकाकडे एकदा पाहून, वर्षभरात ज्या आकड्याने एकही निर्णय बदलला नाही तो पुसून टाकावा.